उद्याच्या भाषणाची आजची बातमी

हसणार आहातच, तेव्हा आधी चहा संपवा. ठसका लागला तर मला बोलायचं नाही!

मी इंदापूर तालुक्याचा वार्ताहर, पंधरा वर्षं झाली. पत्रकार दिनाला शेळगावच्या एका शाळेनं मला भाषणाला बोलावलं. विषय, वृत्तपत्र स्वातंत्र्याचा इतिहास. माझी रेवती तिथंच नववीत. आपला पप्पा निर्भीड पत्रकार आहे, असं तिनं वर्गभर सांगून ठेवलेलं. म्हणजे बघा, लेकीच्या इज्जतीचा प्रश्न!

भाषण झकास लिहिलं. इंग्रजांनी छापखान्यांना ठोकलेली कुलपं, आणीबाणीत कोरे सुटलेले अग्रलेख, सगळं घेतलं. शेवटाला तर माझाच ऊर भरून आला: 'डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पत्रकारानं एक ओळही लिहू नये.'

आणि लगेच त्या भाषणाची बातमी लिहायला घेतली. अहो, असं काय बघता? आमच्यात अशीच पद्धत आहे. पाहुणे ठरलेले, हार ठरलेले, बोलणंही ठरलेलं. मग बातमीनंच का ताटकळायचं? आदल्या दुपारीच बारामतीच्या कचेरीत पाठवून दिली. फक्त 'परवाच्या अंकासाठी' एवढं लिहायचं राहिलं.

सकाळी शाळेत पोचलो, तर कार्यक्रमाचे अध्यक्ष, गावातले आबा, पेपर उघडून बसलेले. मथळा ठळक: 'पाहिल्याशिवाय ओळही लिहू नका'. शेजारी माझा फोटो.

"माझं भाषण लई झ्याक झालंय की," आबा म्हणाले. "सा वळी हाईत. आता परत कशाला बोलू?"

आणि खरंच उसाला पाणी द्यायला निघून गेले. हेडमास्तर माझ्याकडं बघेनात. स्वातंत्र्यासाठी लोक तुरुंगात गेले हो, पण घडायच्या आधी छापायचं स्वातंत्र्य त्यांतल्या कुणी मागितलं होतं? ते मी एकट्यानं मिळवलं.

तरी बोललो. शेवटचं वाक्य गाळलं, हे वेगळं सांगायला नको. खाली बसणार, तोच पहिल्या रांगेतून रेवती उठली. हातात तोच पेपर.

"पप्पा, ह्यात छापलंय, नववीतल्या रेवतीच्या प्रश्नाला पाहुण्यांनी समर्पक उत्तर दिलं."

पोरीचं नाव पेपरात यावं म्हणून मीच हौसेनं घातलं होतं ते.

"मग मी काय विचारलं होतं, तेवढं सांगा ना. पोरी विचारायल्यात."

लाजेनं मान वर होईना. हळूच म्हणालो, "बाळा, मी उत्तर काय दिलंय, ते छापलंय का बघ गं."