न घेतलेल्या नावाचा डोस

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी सुमनच्या डोळ्यांत बारीक उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डोळ्यामागची नस सुजली आहे. यांचा मेंदू वाढतोय आणि कवटी काही वाढत नाही." याला इंट्राक्रेनियल प्रेशर म्हणतात, म्हणजे डोक्याच्या आतला दाब. तो उतरवला नाही तर माझी बायको जगणार नव्हती. उतरवला तर तिची आठवण जाण्याची भीती होती. मी अहमदपूर डेपोचा कंडक्टर. भरल्या गाडीत कुणाला घ्यायचं हे रोज ठरवणारा मी त्यांनाच विचारू लागलो, "काय करू?"

असं दुखणं तुमच्याही घरात येऊ शकतं, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पाऊस दडी मारून बसला होता. त्या उन्हाळ्यात सुमनला एन्सेफलायटिस झाला, म्हणजे मेंदूज्वर. ताप उतरला, पण ती विसरायला लागली. भाजीत मीठ दोनदा घालायची. घागर घेऊन निघायची आणि हापशाची वाट चुकायची.

नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात मेंदूची ताकद वाढवणारं नवं इंजेक्शन मिळतं असं कळलं. डॉक्टर लांबच्या मुलखातले, मोठे हुशार. तपासणीच्या वेळी मला बाहेर बसवत आणि दर वेळी बाहेर येऊन म्हणत, "फरक नाही. डोस वाढवतो." मी त्यांच्या पाया पडायचो.

मग फरक पडला, आणि कसला! मी कधीतरी सांगितलेली गाडीतली भांडणं ती शब्दाला शब्द म्हणून दाखवू लागली. शाळेची पायरी न चढलेली बाई पुडीच्या कागदावरचं तेलुगू वाचू लागली. पाण्याचा टँकर तिकडे चाकूर सोडायचा तेव्हा ती इथे अहमदपुरात घागर उचलायची. मी गल्लीभर मिरवलो. पण एका दुपारी तिने पाण्याची रांग नुसती पाहिली आणि कुणाचं लेकरू आजारी पडेल, कुणाचं हाती लागणार नाही, ते सांगितलं. सगळं खरं झालं. त्यानंतर बायका आमचं दार टाळून जायला लागल्या.

सुमन डोकं भिंतीवर आपटायची. "आवो, समदं ऐकू येऊन राहिलंय. जमिनीच्या पोटातलं बी. बंद करा की कुणीतरी!" मग फिट यायची, हातपाय ताठ व्हायचे.

नांदेडच्या डॉक्टरांना हे कळलं तसे ते जीप घेऊनच आले. "असा मेंदू जगात दुसरा नसेल. यांना माझ्याकडे सोडा, अजून वाढवू," म्हणाले. शेळी मागावी तसं माझं माणूस मागत होते. मी सुमनला मागच्या दाराने काढलं आणि लातूरच्या गाडीत बसवलं. जीप मागे लागली. आमच्या ड्रायव्हरने मधल्या एकाही थांब्यावर गाडी थांबवली नाही आणि ज्यांची गावं मागे राहिली त्या उतारूंनी ब्र काढला नाही. त्यांचे उपकार मी कसे फेडू?

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याचं फाटक लावून घेतलं. मग विचारलं, "एवढा डोस दिलाच कसा?"

मला कुठे ठाऊक! सुमनच बोलली. "ते डाक्टर दर खेपेला मालकाचा फोटू दाखवून नाव पुसायचे. म्या मालकाचं नाव कसं घिऊ? मान खाली घालायची. त्यांला वाटलं, इसरली."

मला हसू फुटलं आणि हसता हसताच रडू कोसळलं. बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं आमच्याकडे मानतात. ती माझं आयुष्य जपत गेली आणि डोस वाढत गेला.

त्या औषधाचा अंमल उतरवायला मी हो म्हटलं. सुई टोचण्याआधी सुमनने माझा हात धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "दिगंबर."

लग्नापासून तिच्या तोंडून मी ते ऐकलं नव्हतं.

"उद्या न्हाई आठवलं तर? एकडाव घिऊ द्या," ती म्हणाली. "तुमचं घटलं तर घटू द्या थोडं. माजं बी घटूनच राहिलंय."

दाब उतरला. फिट थांबल्या. जीप कंटाळून निघून गेली. सुमन उठून बसली, पाणी प्याली. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोण?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मान खाली घातली आणि पदर पुढे ओढला. त्यानंतर तो प्रश्न कितीदा विचारला तरी ती तेवढंच करते.

तुमच्या माणसाची तपासणी चालली असेल तर बाहेर बसू नका. आपल्या घरात काय बोलत नाहीत, ते डॉक्टरांना आधी सांगा. तिने मान खाली घातली म्हणून डॉक्टरीणबाईंनी पुन्हा कसला डोस दिला नाही. "थांबू आपण," एवढंच म्हणाल्या. देव त्यांचं भलं करो. मी खाटेशेजारी बसून हे लिहितोय आणि तिच्या पदराकडे बघतोय. आमच्याकडे बायका नवऱ्यासमोर असाच पदर ओढतात, आणि परक्या पुरुषासमोरही असाच.