बेस गिटारच्या पोटातली गाठ

जुनी बेस गिटार विकत घ्यायची तर आधी ती अक्कांच्या टेबलावर आडवी करायची, हे शहरातल्या वाजवणाऱ्यांना एव्हाना पाठ झालं होतं. अक्का स्वतः बेस वाजवत नसत. चार जाड तारा सुरात लावण्यापुरतं त्यांना कळे, त्यापुढे सगळा आनंदीआनंद. पण वाद्य खरंच किती जुनं, त्यात मूळचं किती आणि मागाहून घुसडलेलं किती, हे सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

जिन्याखालच्या त्यांच्या खोलीत टेबलावर जुनं ब्लँकेट अंथरलेलं असे. वाद्य आलं की अक्का आधी त्याचा वास घेत. मग चार स्क्रू काढून गिटारची मान, म्हणजे तारांखालची लांब दांडी, वेगळी करत आणि तिच्या बुडाशी कारखान्यातल्या कुणीतरी पेन्सिलने टाकलेली तारीख शोधत. समोरची प्लेट उचलून खालचा रंग बघत. झाकलेला भाग उजळ आणि उघडा पिवळट असला की मान डोलावत. दोन्हीकडे सारखीच झगमग दिसली की म्हणत, "म्हातारीने केस रंगवलेत." एकाने नवी गिटार पॉलिशपेपरने घासून जुनी म्हणून आणली होती. अक्कांनी ती त्याच्याच गळ्यात अडकवली आणि विचारलं, "इथे कोपर घासायला तुला तिसरा हात होता का रे?"

एका शनिवारी दुपारी दातांचे डॉक्टर आले. कॉलेजात असताना ते बेस वाजवायचे. आता मुलं मार्गी लागली होती आणि जुनी हौस पुन्हा उसळली होती. सोबत विकणारा होता. जुन्या वाद्यांच्या या व्यापाऱ्याला सगळे गोडबोल्या म्हणत, आणि ते उगीच नव्हतं.

"अक्का, हिला हात लावायच्या आधी हात धुऊन घ्या," तो पेटी उघडत म्हणाला. "शंभर टक्के मूळची. एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही."

"मग मी कशाला हवी?" म्हणत अक्कांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

मान खरी निघाली. तारीखही जुळली. रंग जिथे उडायला हवा तिथेच उडाला होता. डॉक्टरांचा चेहरा खुलत चालला. अक्कांनी मान आणि तारा पुन्हा चढवल्या, स्पीकरची वायर लावून एकदा जाड तार छेडली. टेबलावरच्या डब्यातले स्क्रू थरथरले. असा भरदार, गोल आवाज त्या खोलीत बऱ्याच दिवसांत घुमला नव्हता.

"बघा!" गोडबोल्या म्हणाला. "ही सगळी पिकअपची करामत. कारखान्यातली जुनी माणसं हाताने गुंडाळायची. असे हात आता जन्माला येत नाहीत, अक्का!"

अक्कांनी तारांखालचा, त्यांची थरथर पकडून स्पीकरकडे धाडणारा तो पिकअप उचकटून बाहेर काढला आणि चुंबकांभोवतीच्या तांब्याच्या वेढ्यांवर दिवा वाकवला. वेढ्यांचं टोक लाल शिवणदोऱ्याने बांधलेलं होतं, दुहेरी गाठ मारून. नाकाशी नेलं तर मोटरच्या वॉर्निशचा पुसटसा वास.

"हे हात आले जन्माला," त्या म्हणाल्या. "तुझ्यासमोर बसलेत. हा मी गुंडाळलाय."

छत्तीस वर्षांपूर्वी अक्का त्यांच्या दादाच्या दुकानात पंख्यांच्या आणि पंपांच्या जळलेल्या मोटरींत नवी तांब्याची तार भरत. एके दिवशी ऑर्केस्ट्रातला एक बेसवाला धापा टाकत आला. संध्याकाळी कार्यक्रम, आणि पिकअपची तार तुटून गिटार मुकी! दादाने हात झटकले, "आम्ही पंप करतो, संगीत नाही." अक्का म्हणाल्या, "द्या इकडे." शिवणयंत्राच्या बॉबिन भरायच्या चाकाला पिकअप लावून त्यांनी त्यावर केसाहून बारीक तार गुंडाळली. तीनदा तुटली. वेढे किती हवेत कुणाला ठाऊक? जागा भरेपर्यंत गुंडाळली आणि मोटरीसारखी दोऱ्याने बांधून टाकली. "वाजली तर सांगायला येतो," म्हणत बेसवाला पळाला, तो पळालाच. दादा कित्येक वर्षं चिडवायचा, "स्टेजवर धूर निघाला असेल, तोंड कुठल्या तोंडाने दाखवेल!"

हे सगळं ऐकून डॉक्टर हसले, पण मग त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे ही मूळची नाही?"

"नाही," अक्का म्हणाल्या. "संग्रहात ठेवायची असेल तर सांगितलेल्या किमतीच्या निम्मीसुद्धा देऊ नका. पिकअप बदललेला आहे, हे मीच छातीवर हात ठेवून सांगते."

"अहो, पण तो तुम्ही गुंडाळलाय!" गोडबोल्याने लगेच पवित्रा बदलला. "तुमचं नाव केवढं! उलट किंमत वाढायला हवी!"

"वाढव की. घेणारा कोण आहे ते बघ आधी."

डॉक्टरांनी पिकअप पुन्हा बसवून घेतला, गिटार गळ्यात घातली आणि चाचपडत चार सूर वाजवले. दोन चुकले. "घरी वाजवायला कशी आहे?"

अक्का अडखळल्या. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर धडाधड सांगितलं असतं. "चांगली आहे," त्या अखेर म्हणाल्या, आणि कान लाल झाले. "फार चांगली आहे हो."

निम्म्या किमतीत सौदा ठरला. गोडबोल्या कुरकुरला, पण अक्कांच्या निवाड्यापुढे त्याचं कधीच काही चालत नसे. दोघं गेल्यावर अक्कांनी दादाला फोन लावला. तो आता कानाने अधू झाला होता, त्यामुळे "धूर नव्हता निघाला!" हे त्यांना तीनदा ओरडून सांगावं लागलं. वरच्या मजल्यावरची बाई आग लागली समजून पाण्याची बादली घेऊन खाली आली.

गोडबोल्याने मात्र यातूनही धंदा काढला. "अक्कांच्या हातचा पिकअप" अशी त्याने गावभर दवंडी पिटली. महिन्याभरात तिघं जण धडधाकट, मूळच्या गिटारी घेऊन आले, आतली तार काढून नवी भरून द्या म्हणाले. अक्कांनी तिघांनाही दारातूनच परत पाठवलं. "त्या डॉक्टरांना विचारा जाऊन," त्या म्हणाल्या, "चांगले दात पाडून कुणी कवळी बसवतं का?"