कोहळ्याची दाढी

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, लढाईवरून घरी आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोन कांबळी, एक तडकलेला आरसा आणि एक वस्तरा होता. वस्तरा इटलीचा आणि मूठ हस्तिदंताची, असं ते येईल त्याला सांगत. मूठ हाडाची होती. गावाबाहेर मेलेली ढोरं टाकतात तिथं तसलं हस्तिदंत ढिगानं पडलेलं असे. पण मी बोलले नाही. मी तेव्हा बोलतच नसे. आताही बोलत नाही, म्हणून वहीत लिहिते. चौथीपर्यंतची अक्षरं एवढ्याला पुरतात.

आष्ट्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. गावात न्हावी एकच, म्हातारा आणि सज्जन. दर आठ दिवसांनी धोकटी घेऊन सोप्यात येई आणि आधी मामंजींची, मग मालकांची दाढी करी. मामंजी वर्षापूर्वी बैलगाडीवरून पडून खुब्यात मोडले होते. सोप्याच्या खांबाला टेकून बसायचे, तेवढंच. मी गरम पाण्याची वाटी उंबऱ्याच्या आत ठेवायची आणि दाराआडून बघत राहायची. बघण्यासारखंच काम होतं ते. म्हातारा डाव्या अंगठ्यानं कातडी ताणून धरी, वस्तरा गालावर जवळजवळ आडवा ठेवी, आणि हलायचं ते फक्त मनगट. कोपर अंगाला चिकटलेलं.

मालकांना आल्यापासून गावातलं काहीच स्वच्छ दिसेना. एक दिवस सोप्यात चार माणसं बसलेली असताना ते न्हाव्याला म्हणाले, “ह्यो वस्तरा कवा धुतला हुतास का रं? मिल्ट्रीत असलं हत्यार आणलं असतंस तर आत टाकला असता तुला.”

म्हाताऱ्यानं वस्तरा पुसला, मिटला, धोकटीत ठेवला. मामंजींची अर्धी दाढी व्हायची होती, ती मात्र त्यानं पुन्हा वस्तरा काढून पुरी केली. उठताना म्हणाला, “खरं हाय मालक. आता तुमचा मिल्ट्रीचा हात हाय, आमची काय गरज? सुखानं करा.”

तो परत आला नाही. त्याच्या हक्काच्या घरात दुसऱ्या गावचा न्हावी पाऊल टाकणार नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मालकांना नव्हतं. ते म्हणाले, “गेला तर गेला. मी हाय की.”

हे त्यांचं ‘मी हाय की’ मी पुढं जन्मभर ऐकलं. ते म्हणाले की आपण पदर खोचायचा.

त्यांनी स्वतःची दाढी करायला घेतली ती सकाळ मला चांगली आठवते. आरसा तुळशीवर टेकवला, तोंडाला इतका फेस लावला की नाक शोधावं लागलं, आणि वस्तरा खुरप्यासारखा उभा धरला. हात खांद्यापासून चालला होता. शाळूत खुरपणी करताना आम्ही बायकासुद्धा इतका जोर लावत नाही. पहिल्याच ओढीला हनुवटी फाटली. मग कानाखाली, मग ओठावर. मिशीचं एक टोक गेलं, म्हणून दुसरं सारखं करायला गेले, तर ते जास्त गेलं. शेवटी कागदाचे तुकडे चिकटवून घरात आले आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हणाले, “हितल्या पान्यात क्षार लय हाय.”

त्यानंतर ते दर चार दिवसांनी सकाळी ‘मळ्यात जातो’ म्हणून जात आणि दुपारी गुळगुळीत गाल घेऊन येत. विहिरीवर दाढी केली म्हणत. आमच्या विहिरीवर पावडरीचा वास कुठून आला, हे विचारणारी मी कोण? आष्ट्याला केस कापायचं नवं दुकान निघालं होतं, फिरत्या खुर्चीचं.

मामंजींना कोण आष्ट्याला नेणार? त्यांची दाढी वाढत राहिली. आमच्याकडं पुरुषाची दाढी वाढलेली म्हणजे एकच अर्थ, घरात कुणीतरी गेलं. सुतक असलं की वस्तरा लावत नाहीत आणि त्या घरचं पाणी कुणी पीत नाही. तशात वन्संना बघायला पाहुणे आले. वन्सं म्हणजे मालकांची धाकटी बहीण. त्यांचं वय लग्नाच्या पुढं चाललं होतं. पाहुणे सोप्यात शिरले, मामंजींची बोटभर पांढरी दाढी बघितली आणि दारातच थबकले. “कोन गेलं?” एकानं विचारलं. कुणी गेलं नाही म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसेना. पाण्याचा तांब्या भरला तसा राहिला आणि ते निघून गेले. वन्संनी नेसलेलं इरकली लुगडं सोडलं, घडी घालून ठेवलं आणि चुलीशी येऊन भाकरी थापायला लागल्या.

पुढच्या बुधवारी दुसरे पाहुणे येणार होते, विट्याकडचे. मुलगा माधवनगरला गिरणीत होता. हे गेले तर गावात बोभाटा होऊन तिसरे कुणी आले नसते. आत्याबाई मालकांना म्हणाल्या, “बाबा, न्हाव्याकडं जा. पाय धर म्हाताऱ्याचं.”

“मी हाय की,” मालक म्हणाले.

मी त्याच दिवशी दुपारी ट्रंकेतून वस्तरा काढला.

शिकायचं कशावर? गोठ्याच्या कुडावर कोहळ्याचा वेल होता आणि त्याला शेवटचा एक कोहळा धरला होता. घागरीएवढा झाला होता, पण पिकल्यावर सालीवर चढते ती पांढरी राख अजून धरली नव्हती. अंगावर नुसती राठ लव, मिसरूड फुटलेल्या पोरासारखी. तो आत्याबाईंनी वन्संच्या लग्नातल्या सांडग्यांसाठी राखला होता. त्याला कुणी बोट दाखवायचं नाही, दाखवलं तर कुजतो. आणि कोहळ्याला बाईनं पहिली चीर द्यायची नसते. तो घरच्या लेकरासारखा. पहिला वार गड्यानं करायचा, मग बायकांनी चिरायचा. बाईनं चिरला तर घरच्या लेकावर येतं म्हणतात. घरचा लेक म्हणजे आमचे मालक. तरीसुद्धा मी जपून हात चालवला, हे लिहून ठेवते.

दुपारी घरातली माणसं आडवी झाली की मी कोहळ्याला साबण लावायची, अंगठ्यानं साल दाबायची, वस्तरा आडवा ठेवायचा आणि मनगट हलवायचं. लव फेसाबरोबर यावी आणि सालीला ओरखडा येऊ नये. एक चीर पडली असती तर तो सडला असता आणि आत्याबाईंनी मला माहेरी धाडलं असतं. न्हाव्याच्या पोराला कुणी इतक्या धाकात शिकवलं नसेल. पहिल्या दिवशी मी चार बोटं जागा केली. मंगळवारपर्यंत एक अख्खी बाजू झाली. वस्तरा मालकांच्या चामड्याच्या पट्ट्यावर धार मागं ठेवून ओढायचा, हेही म्हाताऱ्याला बघून ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी मालक मामंजींपुढं बसले. फेस लावला, वस्तरा उभा धरला. मामंजी एवढंच म्हणाले, “बेतानं रं.” दुसऱ्या क्षणाला त्यांच्या कानाची पाळी फाटली. मामंजींनी लेकाचा हात झटकला. “मला मारून सुतक घालतूस व्हय रं घरात?”

“हत्यार खराब झालंय,” मालक म्हणाले. वस्तरा खाली टाकला आणि खरंच मळ्यात निघून गेले.

आत्याबाई कानाला हळद दाबत बसल्या. त्यांना मोतीबिंदू, वन्सं वस्तऱ्याला हात लावीनात. दुपारच्या गाडीनं पाहुणे येणार. मी वस्तरा उचलला आणि पट्ट्यावर ओढला. आत्याबाईंना त्याचा आवाज ओळखीचा वाटला असावा. त्यांनी मान वळवली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, सासरा हाय तुझा.”

मी मामंजींच्या समोर कधी उभी राहिले नव्हते. चार वर्षांत त्यांचं तोंड नीट बघितलं नव्हतं. म्हणून मी त्यांच्या मागं गेले, खांबाच्या कडेनं उभी राहिले आणि त्यांचं डोकं मागं घेऊन माझ्या हातावर टेकवलं. पदर दातात धरला होता. वरून बघितलं की माणसाचं तोंड उलटं दिसतं, हनुवटी वर आणि डोळे खाली. उलटं तोंड हे तोंडच वाटत नाही. मला तो कोहळाच वाटला. मामंजींनी डोळे मिटून घेतले. मी केसांच्या दिशेनं एकदा आणि उलट्या दिशेनं एकदा, अशी दोनदा केली.

पाहुणे आले. मुलाचा बाप आणि मुलाचा चुलता. चुलता पलटणीतून पेन्शनवर आलेला हवालदार, डोळे बारीक. मालकही वेळेवर हजर झाले. मी दाराआड होते.

चुलत्यांनी मामंजींच्या गालाकडं बघून म्हटलं, “दाढी झकास केलीया. न्हावी चांगला दिसतोय गावचा.”

“न्हावी कशाला? मीच केली,” मालक म्हणाले. “पलटणीतला हात हाय आपला.”

“पलटणीत न्हावी असतोय की हो. शिपाई कवा आपली आपुन करायला लागला? कशात हुतासा तुमी?”

“मेसात.”

“म्हंजी बटाटं सोलून हात बसला म्हना!” मुलाचा बाप खो खो हसला. चुलत्यांनी आपल्या खुंटांवरून हात फिरवला. “बरं, मग माजीबी करा पावनं. लय टोचतीया.”

मालकांनी आत हाक मारली, “अगं ए, वस्तरा दे.” मी दाराआडून दिला. दुसरं काय करणार? त्यांनी तो ऐटीत उघडला आणि पट्ट्यावर ओढला, धार पुढं करून. पट्टा सर्रकन चिरला. चुलत्यांचा हात आपोआप गळ्याकडं गेला. वन्सं माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी फुटली.

तेव्हा मामंजी बोलले. “पावनं, गळा जपा. त्येनं माझा कान फाडलाय, ह्यो बगा. बाकीची माज्या सुनंनं केलीया.”

सुनेनं सासऱ्याच्या तोंडाला हात लावला, हे त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं. मुलाचा बाप सुपारी चघळायचा थांबला. आत्याबाईंनी डोळे मिटले.

चुलते उठले, मामंजींपाशी वाकले आणि बोटाच्या पाठीनं त्यांचा गाल खालून वर घासून बघितला. गळासुद्धा घासून बघितला. “उलटी केलीया,” ते म्हणाले. “उलटी करून एक वरखडा न्हाई.” मग जागेवर बसले आणि म्हणाले, “पयलं पानी आना. मग पोरगी बोलवा.”

वन्सं तांब्या घेऊन गेल्या. तो रिकामा परत आला.

लग्न वैशाखात झालं. त्याआधी सांडग्यांसाठी कोहळा काढला. त्यानं सगळ्या अंगाला पांढरी राख धरली होती, फक्त एक बाजू हिरवीगार उघडी. आत्याबाईंनी तिथं हात फिरवला. “ह्या अंगाला राख का धरली न्हाई गं?”

मामंजींना खांबापाशी बसून गोठा सरळ दिसत असे, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. तिथूनच ते म्हणाले, “त्येची दाढी झालीया.”

बायका हसल्या. सगळ्यांना तोवर कळलंच होतं, आणि मालक गावभर सांगत होते की बायकोला दाढी त्यांनीच शिकवली. मग पहिला वार गड्याचा, म्हणून त्यांना बोलावलं. ते बाह्या सारून बसले, “मी हाय की” म्हणाले आणि विळीवर कोहळा दाबला. कोहळा सरकला. त्यांचं बोट कापलं.

मी चिंधी बांधली. कोहळ्याला चीर पडली होती, तेवढं पुरे होतं. पुढचा मी चिरला.