सुनेला म्हणजे कुणाला?

त्या संध्याकाळी आम्ही दोघं उंबऱ्यात बसून गवार मोडत होतो. गवारीचा दोरा सारखा हिच्या अंगठीत अडकायचा. मी म्हटलं, "काढ की ती एकदा."

"काढली की तुमी सुनेला देताय."

आत सून भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला. तिला अंगठी हवी होती, हिला द्यायची नव्हती, आणि दोघी माझ्याच तोंडाकडं बघायच्या. मी आपली गवार मोडली.

सगळं मूळ त्या खड्यात. पोरगं चड्डीत होतं तेव्हा हिचे गुडघे धरले. पेठ वडगावच्या ज्योतिष्यानं सांगितलं, गुरू हलका हाय, पिवळा पुष्कराज घाला. गेलो सराफांच्या गुजरीत. सराफानं आधी माझ्या पायताणाकडं बघितलं आणि पुष्कराजाची पुडी न सोडताच परत ठेवली. दुसरी सोडली. काकवीत पाणी घातल्यागत पिवळा खडा. म्हणाला, "पावणं, हा सुनेला."

ही म्हणाली, "सुनेला कशाला? गुडघं माझं दुखत्यात. आन् सून हाय कुठं? पोरगं अजून शेंबूड पुसत न्हाय."

"वहिनी, खड्याचं नावच सुनेला. पुष्कराजाच्या जागी चालतो. तसा गारगोटीच्या जातीचा."

आता गारगोटी म्हणजे हिचं माहेर. हिनं पदर सारखा केला. "मग आमच्या गावचाच की. माहेरच्या मालाला एवढा दर लावताय व्हय?"

सराफानं समजावलं, गाव नव्हे, दगड. जांभळा कटेला, पांढरा स्फटिक, ही सगळी तिचीच भावंडं.

"भावंडं म्हंजे माहेरच झालं," ही म्हणाली. दर उतरला. माणसाला दुसरीही गिऱ्हाइकं असतात.

गुडघे काही थांबले नाहीत. खडा बसवलेली चांदीची अंगठी मात्र बोटात रुतून बसली. पुढं सून आली आणि कुणीतरी तिला खड्याचं नाव सांगितलं. ती म्हणायची, "आत्ती, नावच सुनेला हाय, मग माझाच की." ही म्हणायची, "तुला तुझं माहेर हाय. माझं आता एवढंच उरलंय."

गवारीची भाजी झाली, जेवलो, निजलो. सकाळी ही उठली नाही.

शेजारच्या बायका जमल्या. अंगावरचं उतरवताना अंगठी निघेना. एक म्हणाली, तोडा. सून आडवी आली. "तोडू नका. आत्तींच्या बोटात राहू दे."

मग मीच साबण मागितला. शेजारी बसलो, बोटाला साबण चोळला आणि अंगठी हळूहळू फिरवत राहिलो. निघाली. सुनेच्या तळहातावर ठेवली.

"मामा, आत्ती रागावतील."

"रागावू दे. रागावली तर उठून तरी बसंल."

आणि साबणाचे हात धुवायला मोरीकडं गेलो.