जर्मनच्या दोन होड्या

पवनेच्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमची भातखाचरं त्याच्याखाली गेली आणि घर तेवढं वर, डोंगराच्या कडेला राहिलं. आम्ही भात लावणारी माणसं. दारात पाणी आलं म्हणून मासे धरायला शिकलो. सुरुवातीला आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, ट्रकच्या चाकाची ट्यूब फुगवून तिच्यावर पालथे पडत आणि हातांनी पाणी मारत जाळं लावायला जात. एकदा बुडालेल्या बाभळीचा काटा लागून ट्यूब भर पाण्यात बसली. मालकांनी पोहत जाऊन एका बुडालेल्या आंब्याचा शेंडा धरला. दुसरा कोणी ट्यूब घेऊन येईपर्यंत ते गळाभर पाण्यात फांदीला लटकून होते. घरी आल्यावर मी म्हटलं, "आता होडीबिगर पाण्यात जायचं न्हाई."

आमच्याकडे होडी बनवणारं कोणी नव्हतं. लोणावळ्याच्या बाजारात आमचे मासे घेणारी एक मावशी होती, तिने सांगितलं की दोन जुन्या होड्या विकायच्या आहेत, दोन्ही जर्मनच्या. अ‍ॅल्युमिनियमला आम्ही जर्मन म्हणतो. एक खंडाळ्याला बंगल्यात होती, एक लोणावळ्यातच स्टेशनच्या मागे. "दोन्ही बघा आन् बरी दिसंल ती घ्या," ती म्हणाली.

मला पहिला संशय तिचाच आला. जी बाई पारड्यावर बोट ठेवल्याशिवाय मासे तोलत नाही, ती आमच्यासाठी होड्या शोधत कशाला फिरेल? मालक म्हणाले, "तुला समद्यांचाच संशय येतो." येत होता. पाणी आपल्या बांधापर्यंत काही येत नाही, असं जो तो सांगत होता आणि मी ते खरं मानून खाचरात भाताचे तरवे टाकले होते. तेव्हापासून गोड बोलणाऱ्या माणसाकडे मी आधी बघते आणि त्याचं बोलणं मग ऐकते.

खंडाळ्याचा राखणदार फारच गोड बोलला. आम्ही फाटकात दिसताच त्याने बायकोला चहा टाकायला सांगितला. होडी मागच्या पडवीत होती. हिरवीगार, नव्या रंगाची, आत बसायला दोन फळ्या. मालकांनी तिच्यावरून हात फिरवला, तो बैल पारखताना फिरवतात तसा. मी मात्र वाकून तळ बघितला. रिबिटांच्या ओळीवर रंग जाड होता. मी बांगडीने खरवडून पाहिलं, तर खाली काही भोक नव्हतं, चांगला पत्रा होता. म्हणजे होडीत खोट नव्हती. मग खोट कुठे होती?

"ही होडी कुनाची?" मी विचारलं.

"शेठची. आता माजी. शेठनं बक्षीस दिली."

"आन् शेठ कुटं हायेत?"

"मुंबईला. कवा येत्याल, सांगता यायचं न्हाई."

एवढी चांगली होडी कोण नोकराला बक्षीस देतो? निघताना तो आमच्या मागोमाग फाटकापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "न्यायची आसंल तर मागल्या वाटंनं न्या. आन् आवाज करू नका."

रस्त्याला लागल्यावर मी मालकांना म्हटलं, "ऐकलं का? चोरीची हाय."

त्यांच्या डोळ्यांत ती हिरवी होडी बसली होती, हे मला कळत होतं.

दुसरी होडी स्टेशनच्या मागे एका नर्सबाईच्या अंगणात होती. बाई नोकरीतून निवृत्त झालेल्या, पांढरं पातळ नेसलेल्या. होडी विटांवर पालथी घातली होती आणि तिच्याखाली कोंबड्या बसल्या होत्या. रंग नाही, चकाकी नाही. जागोजागी पोचे, आणि तळाचा पत्रा एका जागी आत घुसलेला, त्यावर दुसऱ्या पत्र्याचं ठिगळ मारलेलं.

"हे काय झालं?" मालकांनी विचारलं.

"खडकावर बसली," बाई म्हणाल्या, पण आमच्याकडे न बघता कोंबड्यांकडे बघून.

मी मनात म्हटलं, खडकावर बसली तर पत्रा खरचटेल, फाटेल. असा ताटासारखा खोलगट कसा होईल? पण मी विचारायच्या आत बाईंनीच आम्हाला विचारायला सुरुवात केली. गाव कुठलं, किती दिवस मासे धरता, कशाने धरता.

"जाळ्यानं," मालक म्हणाले.

"फक्त जाळ्यानं?"

"व्हय. आनि कशानं धरायचं?"

"हात दाखवा बघू."

मालकांनी हात पुढे केले. बाईंनी ते उलटे करून, सुलटे करून, बोटांची टोकं चेपून पाहिली. परक्या पुरुषाचे हात कोणी बाई असे धरते का? हात सोडून त्या म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात या. मला विचार करायला हवा."

विकणाऱ्याने विचार करायचा, हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

त्याच आठवड्यात आमच्या गावात एक अनोळखी माणूस आला. चैत्राचं ऊन तापलेलं असताना त्याने अंगाभोवती शाल लपेटली होती. दुकानापाशी बसून त्याने मालकांची चौकशी केली: माणूस कसा आहे, पितो का, धरणाच्या कामावर होता का, घरात काय काय आणून ठेवलंय. दुकानदाराने हे मला सांगितलं. पोलीस असेल, खंडाळ्याच्या होडीचा माग काढत आला असेल, असं मला वाटलं. पण होडी तर आम्ही अजून घेतलीही नव्हती.

त्या दिवशी आमचं चांगलंच भांडण झालं. मालकांना हिरवीच हवी होती.

"ठिगळाची होडी बुडली मंजे?" ते म्हणाले.

"बुडली तर तुमाला पवता येतंय. पोलीस आल्यावर काय पवणार?"

जाळ्याची गाठ मारून ते म्हणाले, "चल, नर्सबाईकडंच जाऊ."

बैलगाडी जुंपून खिंडीतून, औंढ्याच्या रस्त्याने आम्ही लोणावळ्याला गेलो. बाई तयारच होत्या. कोंबड्या हाकलून होडी त्यांनी धुऊन ठेवली होती. मालक दोर सोडायला लागले, पण मला राहवलं नाही.

"बाई," मी म्हटलं, "खरं सांगा. ह्या होडीत कोन मेलं?"

बाईंनी घराच्या दाराकडे पाहून हाक मारली, "दादा, जरा बाहेर ये."

आतून एक माणूस आला, तसाच शाल लपेटलेला. गावात येऊन गेला तो हाच, हे मी शालीवरून लगेच ओळखलं. त्याने डाव्या हाताने शाल बाजूला केली. उजवा हात मनगटाच्या वर संपलेला होता.

"मेलं कोनी न्हाई," तो म्हणाला. "हात गेला." आणि आमच्यासमोर पायरीवर बसून त्याने सगळं सांगितलं. तो धरणाच्या कामावर होता. तिथल्या सुरुंगाच्या कांड्या चोरून मिळत. त्या पेटवून पाण्यात टाकल्या की मासे पांढरी पोटं वर करून येत, जाळ्याची गरज नाही. एकदा एक कांडी हातातच फुटली आणि तिच्याआधी पाण्यात टाकलेली होडीखाली फुटली. तळ आत आला तो त्यामुळे. बहीण नर्स होती, तिने वाहतं रक्त बांधलं म्हणून तो वाचला.

"बहीण ही होडी भंगारात द्यायची म्हणत होती," तो म्हणाला. "मी म्हटलं, चांगल्या मानसाला देऊ. म्हणून हिनं हात बघितले. बार टाकणाऱ्याची बोटं काळी पडत्यात, कातडी जळती. तरी भरवसा न्हवता, म्हणून गावात आलतो."

म्हणजे आम्ही त्यांच्यावर जेवढा संशय घेत होतो, तेवढाच ते आमच्यावर घेत होते. मला लाज वाटली नाही. उलट बरं वाटलं; जो इतकं तपासून देतो, त्याने दिलेल्या वस्तूत फसवणूक नसणार.

"हिच्यातनं बार टाकायचा न्हाई," तो मालकांना म्हणाला. "येवडं कबूल करा."

मालकांनी होडीला हात लावून कबूल केलं. तरीही गाडीत होडी चढवताना बाई मालकांच्या बोटांकडे बघतच होत्या.

होडी पहिलं वर्षभर ठिगळापाशी झिरपली. आम्ही डांबर लावायचो, ते उन्हाने सुटायचं, पुन्हा लावायचो. मालक वल्ही मारत आणि मी डब्याने पाणी उपसत बसे. पाणी जास्त तर येत नाही ना, म्हणून मी त्या ठिगळावर पाय ठेवूनच बसायची. पण ती कधी बुडाली नाही. रोहू, कटला, पावसाळ्यात मरळ, जे काही मिळालं ते तिच्यातूनच मिळालं.

हिरवी होडी पलीकडच्या गावातल्या एकाने घेतली. मी बरेच दिवस त्याच्या दारात पोलीस येण्याची वाट पाहत होते. कोणी आलं नाही. पुढे एका लग्नात तो भेटला तेव्हा मीच विषय काढला. तो म्हणाला, बंगल्यात शेठची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती, तिची झोप मोडू नये म्हणून आवाज करायचा नाही. तिचं राखणदाराने इतकं केलं होतं, की शेठने होडी खरंच बक्षीस दिली होती. मालक माझ्याकडे बघून हसले. मी म्हटलं, "असंल," आणि पानावरचा भात कालवायला घेतला.

दोन पावसाळे गेल्यावर नर्सबाईंचा भाऊ एक दिवस आमच्याकडे आला. खांद्याला पिशवी होती. होडीत बसू का, असं त्याने विचारलं. मालकांनी त्याला पाण्यावर नेलं. मी काठावर उभी राहून एकसारखी त्या पिशवीकडे बघत होते. पाण्याच्या मध्यावर त्याने ती मांडीवर घेतली आणि डाव्या हाताने आत काहीतरी चाचपायला लागला. मी गुडघाभर पाण्यात शिरले.

"पिशवीत काय हाये?" मी ओरडून विचारलं.

त्याने हात वर केला. भाकरी होती. मालकांना अर्धी देऊन त्याने उरलेली आपल्या मांडीवर ठेवली, आणि दोघं जेवत बसले. होडी वाऱ्याने हळूहळू आमच्या बुडालेल्या खाचरांवर सरकत होती. मी परत काठावर येऊन लुगड्याचा ओला काठ पिळला.