प्रार्थनेच्या यादीत आमचं नाव

"लोअर, हनी. लोअर."

आणखी खाली, म्हणत होती ती. माझ्या मुलीला. मिशिगनमधल्या एका ख्रिस्ती शाळेचा हॉल, नाटकाची रंगीत तालीम, आणि माझी नऊ वर्षांची एस्तेर स्टेजवर कमरेत वाकलेली. तिची वर्गशिक्षिका मिसेस व्हिटकर स्वतः वाकून दाखवत होती. उजवा हात जमिनीला लावायचा, तोच हात कपाळाला. पुन्हा जमिनीला, पुन्हा कपाळाला. समोर खुर्चीवर मिशनरी बाई झालेली सोनेरी केसांची मुलगी बसली होती. ती च्युइंगगम चघळत होती.

बाकीच्या गावकरी झालेल्या पोरांच्या तोंडाला त्याआधी तपकिरी रंग फासून झाला होता. क्रीममध्ये कोको पावडर कालवलेली. एस्तेरचा नंबर आला तेव्हा मिसेस व्हिटकर हसून म्हणाली, "यू आर ऑल रेडी." तुला काय, तू तयारच आहेस. तिथे शिवत बसलेल्या सगळ्या आया हसल्या. एस्तेरही हसली, कारण सगळे हसत होते. मी कुणाच्या तरी पोराच्या मुंडाशाला टाके घालत होते. घालत राहिले.

पण हे वाकणं मी ओळखलं. ते मला अमेरिकेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली दिसेल असं कधी वाटलं नव्हतं.

आम्ही नगर जिल्ह्यातले. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी आम्ही महार. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, वडील पाळक, मी नर्स. घरात जेवणाआधी प्रार्थना, रविवारी उपासना, आणि आजी भाकऱ्या थापताना स्तोत्रं म्हणायची. म्हणून मिशिगनमधल्या नोव्हाय या गावी आल्यावर ही शाळा पाहिली तेव्हा वाटलं, चला, इथे तरी आपलीच माणसं आहेत. सकाळी प्रार्थना, मग लॅटिन, मग व्याकरण, मग पवित्र शास्त्रातली वचनं पाठ. माझा नवरा सॅम्युअल मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. तो तर त्या लॅटिनवरच भाळला. एस्तेर मागच्या सीटवर लॅटिन क्रियापदं घोकायची आणि हा पुढे स्टिअरिंगवर ठेका धरायचा.

दर शुक्रवारी शाळेतून जांभळ्या शाईत छापलेला एक कागद घरी यायचा. वर्गाची साप्ताहिक खबरबात. कुठलं वचन पाठ झालं, इतिहासात कुठला रोमन सम्राट चालू आहे, कुणाच्या आईने कपकेक आणले. सगळ्यात खाली प्रार्थनेच्या विनंत्या. कुणाची आजी आजारी, कुणाच्या कुत्र्याचं ऑपरेशन. पहिल्याच महिन्यात तिथे छापून आलं, एस्तेरच्या आईवडिलांना प्रभू येशूची ओळख व्हावी म्हणून प्रार्थना करा.

कुत्र्याच्या खाली आम्ही.

सोमवारी ड्युटीवर जाण्याआधी मी शाळेत गेले. मिसेस व्हिटकरला सांगितलं, बाई, आम्ही ख्रिस्तीच आहोत. ती हरखून गेली. माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, तुम्हाला प्रभू कधी भेटला? म्हटलं, माझ्या पणजोबांना भेटला. किती छान, म्हणाली, आणि तुम्हाला? मी काय सांगणार, कप्पाळ? पुढच्या शुक्रवारी कागद आला. देवाची स्तुती असो, एस्तेरच्या घरच्यांनी प्रभूचा स्वीकार केला आहे, आपल्या प्रार्थना ऐकल्या गेल्या.

चार पिढ्या तिने एका आठवड्यात उरकल्या. शाळेच्या पार्किंगमध्ये ओळख ना पाळख अशा बायका मला मिठ्या मारायला लागल्या. एकीने मुलांसाठीचं चित्रांचं बायबल आणून दिलं, मला वाचायला सोपं जावं म्हणून. ज्या पुस्तकावर बोट ठेवून मी अक्षरं शिकले, तेच पुस्तक. मी थँक यू म्हटलं आणि आतल्या आत जळले.

सॅम्युअल म्हणाला, "जाऊ दे. त्यांना आनंद होतोय तर होऊ दे. पोरीची शाळा चांगली आहे." तो नेहमी असंच म्हणायचा. मराठी मंडळात पुण्याच्या एक काकू होत्या, त्यांच्याकडे मन मोकळं करायला गेले, तर त्यांनाच नवल वाटलं. तुम्ही त्यांच्यातलेच ना, मग तुला काय खटकतंय? याच काकूंनी पहिल्या भेटीत माझं मूळ आडनाव फिरवून फिरवून विचारलं होतं. म्हणजे शाळेत आम्ही हिंदू आणि मंडळात आम्ही साहेबाचे. मी काकूंकडे चहा प्यायले आणि घरी आले.

मग वसंतात नाटक ठरलं. मिसेस व्हिटकरने स्वतः लिहिलेलं. भारतातल्या एका खेड्यात गोरी मिशनरी बाई येते, गावकरी तिच्यापुढे लोटांगण घालतात, मूर्ती फोडतात आणि शेवटी सगळे मिळून गातात. शुक्रवारच्या कागदावर आयांना कामं वाटून दिली होती. कुणी पुठ्ठ्याची झाडं करायची, कुणी बिस्किटं आणायची. माझ्या नावापुढे होतं, अस्सल कपडे. एस्तेरला मोठं काम मिळालं होतं. मिशनरी बाईमुळे सगळ्यात आधी उजेडात येणारी मुलगी. पोर आनंदाने नाचत घरी आली.

मी माझी लग्नातली साडी घेऊन गेले. पांढरी, बारीक जरीची. मिसेस व्हिटकरने पदर चाचपला आणि साडी परत दिली. याहून जास्त इंडियन काही नाही का? म्हटलं, आमच्यात नवरी हीच नेसते. प्रेक्षकांना ते कळणार नाही, म्हणाली. नंतर तिने विचारलं, तुमच्याकडे मोठ्या माणसाला नमस्कार कसा करतात? मी ताठ उभी राहिले, हात कपाळाशी नेला आणि म्हटलं, सलाम. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती असंच म्हणतो. तिने नाक मुरडलं. ते मुसलमानी वाटेल, लोक गोंधळतील. मी बघते पुस्तकात, म्हणाली. आणि तिने बघितलं. चर्चच्या लायब्ररीतल्या कुठल्याशा जुन्या पुस्तकात तिला एक चित्र सापडलं. तेच आता माझी मुलगी स्टेजवर करत होती.

माझ्या आजोबांनी ते आम्हा भावंडांना एकदाच करून दाखवलं होतं. सदरा-धोतरातले आजोबा अंगणात वाकले, हात मातीला लावला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "जोहार मायबाप." मग रांजणापाशी जाऊन हात धुतले. आम्ही खीखी करत होतो. ते हसले नाहीत. म्हणाले, पाटलापुढे माझा बाप रोज असा वाकायचा. बाप्तिस्मा झाल्यावर एका सकाळी वाकला नाही. ताठ उभा राहिला आणि सलाम म्हणाला. चावडीपुढेच बडवला त्याला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला आणि पुन्हा सलाम म्हणाला. "बघून ठेवा पोरांनो," आजोबा म्हणाले. "कुणी करायला लावलं तर ओळखता आलं पाहिजे."

मी मुंडासं खुर्चीवर टाकलं आणि स्टेजपाशी गेले.

"एस्तेर, उभी राहा."

तिने वाकल्या वाकल्याच मान वळवली. "मॉम, इट्स जस्ट अ प्ले."

"उभी राहा."

ती उभी राहिली. हॉलमधल्या बायकांच्या कात्र्या थांबल्या. मिसेस व्हिटकरने विचारलं, काही चुकलं का? माझं इंग्रजी हॉस्पिटलचं. कुठे दुखतं, ताप किती, लघवी झाली का. या गोष्टीसाठी माझ्याकडे शब्दच नव्हते. होते त्यांत सांगितलं. माझ्या पणजोबांनी हे करणं सोडलं. त्यासाठी मार खाल्ला. माझी मुलगी हे करणार नाही.

ती अगदी मऊ आवाजात समजावायला लागली. अहो, पण ती जमीनदारापुढे कुठे वाकतेय? ती मिशनरीपुढे वाकतेय. हे प्रेम आहे, कृतज्ञता आहे. आणि पुस्तकात हे असंच आहे. तिने पुस्तक आणून उघडून दाखवलं. होतं खरं. उघड्या पाठीचा एक माणूस, मातीला हात लावलेला. तोंड दिसत नव्हतं. मी विचारलं, याचं नाव काय? तिने चित्राखाली पाहिलं. नाव नव्हतं.

मग तिने तोड काढली. अर्धंच वाकू दे तिला. "हाफवे इज फाइन."

मी म्हटलं, "नो. नॉट हाफ."

एस्तेरचा हात धरून मी बाहेर आले. गाडीत ती हमसून हमसून रडली. तू सगळं घालवलंस म्हणाली, आता सगळे मला हसतील म्हणाली. खरंच होतं तिचं. तिला काम गेल्याचं दुःख होतं, आणि ते काम का नको ते तिला ठाऊकच नव्हतं. आम्ही तिला मोशे सांगितला, दाविद सांगितला. महारवाडा नाही सांगितला. अमेरिकेत आलो तेव्हा वाटलं होतं, हा शब्द आता कुणापुढे उच्चारायची गरज नाही. पोटच्या पोरीपुढेही नाही. आणि तिच्या बाईला तो महारवाडाच पुस्तकातल्या चित्रात सापडला.

पार्किंगमध्येच सांगितलं तिला. शिवाशिव, पाटील, चावडी, जोहार, मार. सगळं. ती नाक ओढत ऐकत होती. मग विचारलं, "डिड ही क्राय?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी परत गेला, एवढं माहीत आहे."

शुक्रवारी जांभळा कागद आला. काही गैरसमजामुळे गावातल्या मुलीचं काम आता दुसरी विद्यार्थिनी करील. बिस्किटांबद्दल सगळ्या मातांचे आभार. आणि खाली, नेहमीच्या जागी, एस्तेरच्या कुटुंबाचं मन प्रभूने मऊ करावं म्हणून प्रार्थना करा.

पुन्हा यादीत. सॅम्युअलने कागद वाचला. या वेळी जाऊ दे म्हणाला नाही. चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, सोमवारी मी रजा टाकतो.

सोमवारी आम्ही तिघंही वर्गाच्या दाराशी उभे होतो. मी पांढरी साडी नेसले होते. मिसेस व्हिटकर दोन्ही हात पसरून मिठी मारायला पुढे आली. मी मिठी घेतली नाही. ताठ उभी राहिले, हात कपाळाशी नेला आणि म्हटलं, सलाम. एस्तेर माझ्या शेजारी होती. तिचाही हात कपाळाशी गेला. मी तिला सांगितलं नव्हतं.

मग मी घरून घोकून आणलेलं बोलले. प्रार्थनेच्या यादीतून आमचं नाव काढा. आमच्यासाठी आम्ही करतो प्रार्थना. आणि या शुक्रवारी खरं काय ते छापा. एस्तेरच्या घराण्याने चार पिढ्यांपूर्वी प्रभूला स्वीकारलं. तिच्या खापरपणजोबांनी वाकणं सोडलं म्हणून मार खाल्ला. आणि एस्तेर नाटकात नाही, कारण ती वाकणार नाही. गैरसमज कुठेही झालेला नाही.

मिसेस व्हिटकरचे डोळे भरून आले. आम्ही तर प्रेमानेच करत होतो, म्हणाली. असेलही. पाटीलही पणजोबांना मायबापच वाटावा अशीच सगळी सोय होती. मी तिचे डोळे पुसायला गेले नाही. तिने विचारलं, मग तुम्ही आता एस्तेरला शाळेतून काढणार का?

नाही, मी म्हटलं. इथलं लॅटिन तिचं, इथली वचनं तिची, इथला बाकही तिचा. आम्ही कुठेही जाणार नाही.

त्या शुक्रवारी तिने ते छापलं नाही. आमचं नाव यादीतून गेलं होतं, पण बाकीचं काही नव्हतं. नाटक छान झालं, एवढं होतं.

पुढच्या सोमवारी मी पुन्हा गेले. सलाम म्हटलं आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. आणि हेही सांगून ठेवलं की बाई, तुम्ही छापेपर्यंत दर सोमवारी मी इथे येऊन उभी राहणार आहे.