बेलबॉटमवाला आणि रबाब

सर्वांनी गंभीरपणे ऐकावं: सत्तरच्या दशकात एका दुपारी तीर्थपुरीत संगीताचा इतिहास घडला, आणि मी तिथं पुढच्याच सतरंजीवर होतो.

ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी म्हणणारा एक गायक आला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याला जुनी दखनी गाणी स्वतःच्या आवाजात टेप करायची होती. रबाबावर ती वाजवणारे एकच म्हातारे चाचा उरले होते, आणि उसना टेपरेकॉर्डर चारच्या एसटीनं परत जायचा होता.

यंत्रासमोरसुद्धा त्यानं आधी केस विंचरले, बेलबॉटम झटकली. मग आम्हाला दम भरला, "कुणी वाहवा करायची न्हाई. टेपमधी येतं."

आम्ही चिडीचूप. पण चाचा दोनदा मध्येच थांबले. जन्मभर मैफलीत वाजवलेला माणूस. शांतता म्हणजे नापसंती, एवढंच त्यांना ठाऊक.

"कोई वाह न्हाई, कुछ न्हाई. मी गलत वाजवून राह्यलो का, बेटा?"

"बिलकुल बराबर हाये चाचा. आता थांबू नका, एसटी येईल."

तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटून पहिली ओळ म्हटली. ती संपता संपता चाचांची बोटं तारांवरून अशी काही घरंगळली, की हा पठ्ठ्या दुसरी ओळ सोडून टेपसमोरच ओरडला, "वाजवा चाचा, मी गातच न्हाई!"